वाचकांचे प्रश्न : मोबाइलची स्क्रीन किती दाट हवी?

या महिन्यातली बरीच पत्रे मोबाइलच्या स्क्रीनबद्दल आहेत. पहिल्या उत्तरात हिशेब सविस्तर मांडला आहे, कारण पुढची काही उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : तूर विकून नवा फोन घ्यायचा आहे. दुकानात साडेसहा इंची दोन फोन दाखवले. एकावर ‘एचडी प्लस’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘फुल एचडी प्लस’. किमतीत दोन हजारांचा फरक. दुकानदार म्हणतो, दुसऱ्याची स्क्रीन एकदम क्लिअर. मला तर दोन्ही सारख्याच दिसल्या. हा फरक खरेच डोळ्याला दिसतो, की डब्यावर लिहिण्यापुरताच असतो?
(एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : फरक आहे. पण तो तुम्हाला दिसेल की नाही, हे फोन डोळ्यापासून किती दूर धरता, नजर कशी आहे आणि स्क्रीनवर काय वाचता यावर ठरते.

आधी स्क्रीनची दाटी काढू. पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचे चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते तो एक ठिपका. एचडी प्लस म्हणजे साधारण ७२० × १६०० पिक्सेल आणि फुल एचडी प्लस म्हणजे १०८० × २४००. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा आणि स्क्रीनच्या इंचांनी भागा. पहिल्या फोनचे वर्गमूळ येते १७५५. त्याला ६.५ ने भागले की २७०. दुसऱ्याचे २६३२ भागिले ६.५, म्हणजे ४०५. एका इंचात इतके पिक्सेल बसलेले आहेत. पहिल्या फोनचा एक पिक्सेल ०.०९४ मिलिमीटरचा, दुसऱ्याचा ०.०६३ मिलिमीटरचा.

आता डोळा. ६/६ नजर असलेल्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. ३० सेंटीमीटरवर या कोनात ०.०८७ मिलिमीटर मावतात. म्हणजे इंचाला सुमारे २९० पिक्सेल असले की एकेक पिक्सेल सुटा दिसणे थांबते. फोन ४० सेंटीमीटरवर धरला तर २२० पुरतात, २५ सेंटीमीटरवर आणला तर ३५० लागतात. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी दहा-बारा इंचांवरून पाहताना ३०० च्या आसपास डोळ्याची मर्यादा येते असे सांगितले होते. त्या फोनची दाटी ३२६ होती. हिशेब हाच. मात्र ३०० पाशी सगळे एकदम संपते असे नाही. तरुण, निकोप नजर बऱ्याचदा ६/६ हून चांगली असते, आणि वळणदार रेषेतल्या पायऱ्या डोळ्याला याहून बारीक असल्या तरी जाणवतात.

मराठी वाचणाऱ्याचा एक मुद्दा यात वेगळा आहे आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी अक्षराच्या तुलनेत आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांची जागा सोडावी लागते. त्यामुळे मुख्य अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते. अँड्रॉइडवर नेहमीच्या मजकुराला एचडी प्लस स्क्रीनवर साधारण २८ पिक्सेल उंचीची जागा मिळते, फुल एचडी प्लसवर ४२. पहिल्या स्क्रीनवर अनुस्वाराचा ठिपका जेमतेम तीन-चार पिक्सेलचा होतो. ‘द्य’ आणि ‘ध’, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत अडखळायला होते ते इथेच. इंग्रजी मजकुरावर घेतलेल्या चाचणीत २७० ची स्क्रीन पास होते, पण मराठी ई-पेपरच्या बारीक टायपात तीच कमी पडते.

तेव्हा असे ठरवा. फोन हातभर दूर धरून बोलणे, भाव पाहणे, व्हिडिओ पाहणे एवढेच काम असेल आणि अक्षर मोठे ठेवत असाल, तर एचडी प्लस पुरते. उरलेले पैसे जास्त उजेडाच्या स्क्रीनवर घाला. सातबारा, ई-पेपर, व्हॉट्सॲपचे लांब मजकूर जवळ धरून वाचत असाल तर फुल एचडी प्लस घ्या. दोन हजार वाया जाणार नाहीत.

दुकानात फरक दिसला नाही, कारण तिथे आयकॉन आणि रंगीत चित्रेच पाहिली जातात. पुन्हा जा तेव्हा दोन्ही फोनवर मराठी वर्तमानपत्राचे एकच पान उघडा. अक्षराचा आकार दोन्हीकडे सारखा करा, उजेड सारखा करा, रंगांचे ‘व्हिव्हिड’ सेटिंग दोन्हीकडे बंद करा. नाहीतर डोळा भडक रंगालाच स्पष्ट समजतो. मग कोणता फोन कोणता हे सोबत्याला झाकून धरायला सांगा आणि तुमच्या नेहमीच्या अंतरावरून, चष्मा असेल तर लावून, सर्वांत बारीक ओळ वाचा. चार-पाच वेळा अदलाबदल करूनही ओळखता आले नाही, तर स्वस्त फोन घ्या.

दोन खबरदाऱ्या. एक, तेच ७२० पिक्सेल मोठ्या स्क्रीनवर पसरले की दाटी घटते. जुन्या ५ इंची ७२० × १२८० फोनची दाटी २९४ होती, ६.९ इंची एचडी प्लसची २५४ च आहे. मोठी स्क्रीन म्हणजे स्पष्ट स्क्रीन नव्हे. दुसरी, स्क्रीनच्या मुख्य जाती दोन, एलसीडी आणि ॲमोलेड. त्यांतली एचडी प्लस ॲमोलेड शक्यतो घेऊ नका. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन भाग असतात. बहुतेक ॲमोलेडमध्ये हिरवे पूर्ण आणि लाल-निळे निम्मेच असतात. त्यामुळे २७० च्या ॲमोलेडवर बारीक काळ्या अक्षरांच्या कडेला रंगाची झाक येते. ४०० च्या ॲमोलेडवर हा त्रास जवळपास जाणवत नाही.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत ई-पीक पाहणी करायला गेलो की स्क्रीनवर काहीच दिसत नाही. फोन फुल एचडी प्लस आहे. याहून जास्त रिझोल्यूशनचा घेतला तर उन्हात दिसेल का?
(एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर : नाही. उन्हात रिझोल्यूशनचा काही उपयोग होत नाही. तिथे लढत असते स्क्रीनच्या उजेडाची आणि काचेवर उमटणाऱ्या प्रतिबिंबाची.

भर दुपारी वावरात सुमारे एक लाख लक्स (पडणारा उजेड मोजायचे एकक) उजेड पडतो. उन्हात उभ्या माणसाचा पांढरा सदरा त्यातला बहुतांश परत फेकतो. त्याची चकाकी सुमारे २५,००० निट्स (डोळ्याकडे येणारा उजेड मोजायचे एकक) भरते. फोनची काच त्यातला साधारण ४ टक्के आरशासारखा डोळ्याकडे पाठवते, म्हणजे सदऱ्याचे प्रतिबिंबच १,००० निट्सचे. स्वस्त एलसीडी स्क्रीन ४०० ते ५०० निट्सची असते. ती हरणारच.

फोन न बदलता करण्यासारखे बरेच आहे. सूर्याकडे पाठ करा आणि फोन स्वतःच्या सावलीत धरा. अशाने सदऱ्याची पुढची बाजूही सावलीत येते आणि प्रतिबिंब एकदम मंदावते. डोक्यावर सूर्य असेल तर गडद रंगाचा दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढून त्याच्या आत फोन धरा. डार्क मोड बंद करा. काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब ठळक दिसते, पांढऱ्यावर काळे अक्षर टिकते. आणि उजेडाची पट्टी हाताने पूर्ण सरकवण्यापेक्षा ‘ऑटो ब्राइटनेस’ चालू ठेवा. अनेक फोनमध्ये उन्हासाठी राखलेला जादा उजेड ऑटो चालू असतानाच मिळतो, हाताने पट्टी सरकवून मिळत नाही. त्याचा सेन्सर बहुधा वरच्या कडेला असतो. तिथे धूळ बसली किंवा कव्हरची कड आली तर फोनला सावली वाटते आणि तो उजेड वाढवतच नाही.

स्क्रीनवर लावलेल्या गार्डकडेही पाहा. काच नीट चिकटलेली असेल तर ती फारसे बिघडवत नाही. पण कडा सुटून आत हवा गेली, की एकाऐवजी तीन पृष्ठभागांवरून प्रकाश परततो आणि चकाकी जवळपास तिप्पट होते. फवारणीच्या दिवसांत गार्डवर औषधाचे डाग आणि ओरखडे असतील तर तो काढून नवा बसवा. प्रायव्हसी गार्ड वावरात नकोच, तो स्क्रीनचा उजेडच खातो. पोलरॉइड गॉगल घालत असाल आणि स्क्रीन काळी दिसत असेल तर फोन आडवा करून पाहा.

एवढे करूनही स्क्रीन हळूहळू मंदावत गेली तर ते उष्णतेमुळे. फोन तापला की तो स्वतःहून उजेड कमी करतो. अनेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन वावरात पोहोचेपर्यंतच तापलेला असतो. तो कापडी पिशवीत न्या, चार्जिंगला लावून वापरू नका. तापलेला फोन माठाला लावणे किंवा फ्रीजमध्ये ठेवणे टाळा, आत दव धरते.

पुढचा फोन घेताना निट्सचा आकडा विचारा, पण कोणता ते पाहून. जाहिरातीतले ३,०००-४,००० ‘पीक’, म्हणजे कमाल, निट्स स्क्रीनच्या छोट्या तुकड्यापुरते असतात. पूर्ण स्क्रीनचा, ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा १,००० च्या वर असेल तर वावरात काम निभते.

प्रश्न : पोलीस भरतीच्या तयारीसाठी ई-बालभारतीवरची पुस्तके आणि नोट्सच्या पीडीएफ फोनवर वाचतो. स्क्रीन एचडी प्लस आहे, डोळे ताणतात. टॅब घेणे परवडत नाही.
(एक विद्यार्थी, आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : फोन आडवा करा. साडेसहा इंची फोनची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर, ए-फोर पानाची २१०. उभ्या फोनवर पूर्ण पान बसवले की १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे होते आणि पानाच्या एका इंचाला ८७ पिक्सेल मिळतात. फोन आडवा केला की तेच अक्षर साडेआठ पॉइंटचे होते आणि इंचाला १९३ पिक्सेल मिळतात. महागडा फुल एचडी प्लस फोन उभा धरला तरी १३० च मिळतात. म्हणजे तुमचा आडवा फोन त्याच्या उभ्या फोनपेक्षा सरस आहे.

मग पीडीएफ कशी आहे ते तपासा. एखादे अक्षर बोटांनी खूप मोठे करा. कडा धारदार राहिल्या तर तो खरा मजकूर आहे. कडा फुटल्या, अक्षराभोवती करडे डाग दिसले, तर ते पानाचे स्कॅन आहे आणि त्याची स्पष्टता स्कॅन केली तेव्हाच ठरली. फोनवरून फोनवर फिरत आलेल्या नोट्स बहुधा अशाच असतात. जिथे मूळ पुस्तक अधिकृत संकेतस्थळावर मिळते तिथून उतरवून घ्या. उरलेल्या स्कॅनमधली रोजची दहा-वीस पाने झेरॉक्स काढून वाचणे डोळ्यांना जास्त सोयीचे.

प्रश्न : शंकरपटाचे व्हिडिओ पाहायला फुल एचडी प्लस फोन घेतला. बैल सुटले की चित्र फुटते.
(एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा)

उत्तर : स्क्रीनचा दोष नाही. नेटवर्क कमी पडले की यूट्यूब स्वतःहून ३६० किंवा ४८० वर उतरते. ४८० चा व्हिडिओ ८५४ × ४८० पिक्सेलचा असतो, तो कोणत्याही स्क्रीनवर तेवढाच राहणार. शिवाय उधळलेली धूळ, धावते बैल आणि गर्दी एकाच वेळी हलू लागली की व्हिडिओला जास्त डेटा हवा असतो. तो मिळाला नाही की चौकोन पडतात. वाय-फाय असेल तिथे ७२० किंवा १०८० निवडून व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा. चित्रपटांच्या सशुल्क ॲपवर चांगले नेटवर्क असूनही चित्र अंधुक असेल, तर फोनचे ‘वाइडवाइन’ प्रमाणपत्र (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या सोयीचा दर्जा) पाहा. एल-१ ऐवजी एल-३ असेल तर ती ॲप्स ४८० च्या आसपासच थांबतात. हे पाहण्यासाठी ‘डीआरएम इन्फो’ नावाची मोफत ॲप्स मिळतात. फोन घेण्याआधी तपासलेले बरे.

प्रश्न : माझ्या फोनची स्क्रीन १४४० पिक्सेलची आहे, पण सेटिंगमध्ये १०८० च निवडलेले दिसते. बदलू का?
(एक वाचक, काटोल, जि. नागपूर)

उत्तर : तसेच राहू द्या. ६.७ इंची स्क्रीनवर १०८० ची दाटी ३९३ येते, १४४० ची ५२४. हातात धरून वाचताना या दोन्हींत फरक ओळखणारी नजर क्वचित. पिक्सेल मात्र २६ लाखांचे ४६ लाख होतात आणि गेम खेळताना ते सगळे दर वेळी नव्याने रंगवावे लागतात. २०१५ साली सोनीने एक्सपिरिया झेड-५ प्रीमियम हा ४-के स्क्रीनचा फोन आणला होता, दाटी ८०६. फोटो आणि व्हिडिओ सोडले तर तोही बाकी सगळे १०८० मध्येच दाखवायचा. लोडशेडिंगच्या दिवशी बॅटरी पुरवायची असेल तर याहून जास्त फायदा स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रंगते तो आकडा १२० हर्ट्‌झचा ६० करण्यात आणि उजेड कमी ठेवण्यात आहे.

प्रश्न : पऱ्हाटीत डोमकळ्या (बोंडअळीने गुरफटलेली, न उमललेली फुले) दिसल्या म्हणून बोंड फोडून अळीचा फोटो काढला. माझ्या फोनवर एकदम स्पष्ट दिसतो. कृषी सहायकांना पाठवला तर म्हणतात, काही ओळखू येत नाही.
(एक शेतकरी वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असेल, तर १०८० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर तो जवळपास चौथाई करून दाखवला जातो. हात हलून आलेला तीन-चार पिक्सेलचा धूसरपणा त्यात झाकला जातो. दाट, चांगली स्क्रीन असल्या फोटोलाही देखणा करते. म्हणून फोटो काढल्यावर अळीच्या डोक्यापर्यंत मोठा करून पाहिल्याशिवाय पाठवू नका.

‘मॅक्रो’ कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असेल तर तो वापरू नका. मुख्य कॅमेऱ्याने १२ ते १५ सेंटीमीटरवरून, २ पट झूम करून घ्या. त्याहून जवळ नेले की फोकस बसत नाही. बोंड सावलीत धरा, मनगट गुडघ्यावर किंवा धुऱ्याच्या दगडावर टेकवा, स्क्रीनवर दिसणाऱ्या अळीवर बोट टेकवून फोकस घ्या. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. जोडण्याच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

प्रश्न : दिवसभर पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप) भरते. संध्याकाळी डोके दुखते, अक्षरे दुहेरी वाटतात. वय ४४. जास्त चांगल्या स्क्रीनचा फोन घेऊ का?
(एक अंगणवाडी सेविका, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : ताई, आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्याची ताकद कमी होत जाते. मग माणूस फोन नकळत दूर धरतो, आणि दूर धरलेल्या फोनची दाटी कितीही असली तरी उपयोग नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणीचा दिवस विचारून जा. फोन नेहमी किती अंतरावर धरता ते तिथे सांगा, नंबर त्या अंतरासाठी काढून मिळेल. अक्षरे एक डोळा झाकूनही दुहेरी दिसतात का, हेही आधी पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

तोवर सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’ उघडून ‘फॉन्ट साइज’ दोन पायऱ्या वाढवा. ‘डिस्प्ले साइज’ एकच वाढवा, नाहीतर काही ॲपची बटणे स्क्रीनबाहेर जातात. फोन ॲमोलेड असेल आणि अंधाऱ्या खोलीत कमी उजेडावर जास्त त्रास होत असेल, तर स्क्रीन लुकलुकण्याची शक्यता आहे. अनेक ॲमोलेड उजेड कमी करायला सेकंदाला २४० किंवा त्याहून जास्त वेळा बंद-चालू होतात. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ मोड लावा, शटर १/१००० ठेवा आणि स्क्रीनकडे पाहा. जाड काळे पट्टे दिसले तर उजेड निम्म्याच्या वर ठेवा, खोलीत दिवा लावा, आणि ‘डीसी डिमिंग’ किंवा ‘फ्लिकर कमी करा’ असे सेटिंग असेल तर ते चालू करा.

प्रश्न : ॲमोलेड फोन पडून फुटला. तालुक्याच्या एका दुकानात नवा कॉम्बो (काच, टच आणि डिस्प्ले एकत्र) टाकून घेतला. तेव्हापासून स्क्रीन फिकट वाटते, अक्षरे पहिल्यासारखी नाहीत आणि स्क्रीनवरचे बोटाचे लॉक बंद आहे. दुकानदार म्हणतो, ओरिजिनलच आहे.
(एक वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : बोटाचे लॉक बंद पडणे ही मोठी खूण आहे. स्क्रीनखालचा सेन्सर ॲमोलेडच्या आरपार पाहतो. त्या जागी ‘इनसेल’ म्हणजे एलसीडी जातीचा कॉम्बो टाकला की मागच्या बॅकलाइटमुळे त्याला काही दिसत नाही. लॉक नव्याने नोंदवून पाहा, तरीही चालले नाही तर पुढच्या दोन चाचण्या करा.

रात्री दिवे बंद करून पूर्ण काळे चित्र उघडा आणि उजेड वाढवा. ॲमोलेड असेल तर स्क्रीन अंधारात दिसेनाशी होते, एलसीडी करडी उजळलेली राहते. दुसरी चाचणी भिंगाची. घड्याळजीकडचे दहापटीचे भिंग पांढऱ्या स्क्रीनवर धरा. भिंग नसेल तर काडीच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा, तोही भिंगाचे काम करतो. लाल-हिरव्या-निळ्या उभ्या पट्ट्या सरळ रांगेत दिसल्या तर एलसीडी आहे, सुटे ठिपके शंकरपाळ्यासारखे तिरपे मांडलेले दिसले तर ॲमोलेड. नकली कॉम्बो कधीकधी मूळ स्क्रीनपेक्षा कमी रिझोल्यूशनचेही असतात, म्हणून अक्षरे बिघडतात. सेटिंगमधला आकडा पाहून हे कळेलच असे नाही.

दुकानदाराला या दोन्ही चाचण्या समोर करून दाखवा आणि बिलावर काय लिहिले आहे ते वाचा. पुन्हा बदलायची वेळ आली तर ‘इनसेल’, ‘कॉपी ओलेड’ (नकली ओलेड) आणि ‘सर्व्हिस पॅक’ (कंपनीचा मूळ भाग) यांचे दर वेगवेगळे विचारून घ्या, जो टाकणार त्याचे नाव बिलावर लिहून घ्या. कॉम्बो चिकटवण्याआधी नुसता जोडून काळे चित्र, पांढरे चित्र, चारही कोपऱ्यांचा टच आणि बोटाचे लॉक तपासा. डिंक लावल्यानंतर तो कॉम्बो दुकानदार परत घेत नाही.